फी माफ आहे, पण आधी भरा

(नांदेड येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अभ्यासवर्गाच्या चालकांनी मला ‘विद्यापीठीय शिक्षण आणि शुल्कवाढ’ हा विषय दिला आहे. विषय जुना आहे. शुल्काच्या आकड्यांविषयी आपण मोर्चे काढले, निवेदने दिली, काही वेळा वाढ रद्दही करून घेतली. म्हणून आकड्यांविषयी मी आज थोडे कमी बोलणार आहे. शुल्क कोणत्या महिन्यात मागितले जाते, आणि सरकारने माफ केलेली रक्कम येईपर्यंत थांबावयाचे कोणी, हा प्रश्न मराठवाड्यापुरता तरी मला अधिक निकडीचा वाटतो. त्याकडे आपले दुर्लक्ष झाले आहे.

आपल्या भागाला उच्च शिक्षण उशिरा मिळाले. निजामी राजवटीत १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ हैदराबादला होते आणि त्याचे माध्यम उर्दू होते. १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले, त्याच वर्षी औरंगाबादला बाबासाहेबांनी मिलिंद महाविद्यालय काढले. मराठवाडा विद्यापीठ १९५८ चे. नांदेड, लातूर, परभणीला स्वतःचे विद्यापीठ मिळण्यास १७ सप्टेंबर १९९४ उजाडावे लागले. त्याला नाव दिले ते स्वामी रामानंद तीर्थांचे. स्वामीजींनी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि अंबाजोगाईला शिकविले होते. संन्यासी शिक्षकाचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाच्या परिसरातील महाविद्यालयांत आज फीच्या खिडकीपुढे काय चालते, ते आपण पाहू.

मी १९७७ साली महाविद्यालयात गेलो. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका होता. घरी कोरडवाहू जमीन. आम्ही ई. बी. सी.वाले. ही सवलत १९५९ ची, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असतानाची. सुरुवातीच्या वर्षांत बाराशे रुपयांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्यांना ती मिळे. तलाठ्याचा दाखला आणावयाचा, त्यासाठी दोन-तीन खेपा घालावयाच्या, फॉर्म द्यावयाचा. जिमखाना, ग्रंथालय अशी किरकोळ फी आम्ही भरत असू. शिकवणीची फी मात्र कोणी मागितली नाही. सरकारकडून पैसे कधी येत, हे आम्हाला ठाऊक नव्हते आणि ठाऊक असण्याची गरजही नव्हती. थांबण्याचे काम कॉलेज करीत होते. ते थांबू शकत होते, कारण प्राध्यापकांचा पगार अनुदानातून येत होता. या शेवटच्या वाक्याकडे मी पुन्हा येणार आहे.

१९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांना दार उघडले. त्याचे परिणाम आपण सारे जाणतो, आणि आपल्यापैकी काही जुने सहकारीही पुढे संस्थाचालक झाले हेही जाणतो. १९८७ साली कॅपिटेशन फीला बंदी करणारा कायदा झाला. १९९३ चा उन्नीकृष्णन खटला, २००२ चा टी. एम. ए. पै, २००५ चा इनामदार असे निवाडे होत गेले आणि २०१५ साली शुल्क नियमनाचा राज्य कायदा आला. यात फीचा आकडा कोणी ठरवावा याची पुष्कळ चर्चा झाली. ती केव्हा घ्यावी याची फारशी झाली नाही.

सवलती मात्र वाढल्या, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. २०१६ साली ई. बी. सी.चे रूप बदलून राजर्षी शाहू महाराजांच्या नावे शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आली. उत्पन्नमर्यादा सहा लाख आणि पुढच्या वर्षी आठ लाख झाली. माफी निम्म्या शुल्काची. (ज्या राजाने १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, त्याच्या नावाने निम्मी फी, असो.) ८ जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने आठ लाखांच्या आतील ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची संपूर्ण माफी मिळाली. चांगला निर्णय आहे. परंतु त्याच वर्षी महाविद्यालये मुलींकडून फी घेत असल्याच्या तक्रारी आल्या आणि मंत्र्यांना इशारे द्यावे लागले. अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीत २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा करण्याचे ठरले. यामुळे संस्थेचा तगादाही थेट विद्यार्थ्याच्याच मागे लागला.

आता महिन्यांचा हिशेब मांडा. प्रवेश जून ते ऑगस्ट. याच दिवसांत बियाणे, खत, पेरणीची मजुरी. लातूरकडचे सोयाबीन ऑक्टोबरात निघते. नांदेडकडचा कापूस त्यानंतर महिनोन् महिने वेचला जातो. शेतकऱ्याच्या वर्षातले सर्वांत रिकामे खिसे ज्या आठवड्यांत असतात, त्याच आठवड्यांत त्याला खिडकीवर सांगितले जाते : फी माफ आहे, पण आधी भरा; शिष्यवृत्ती आली की परत देऊ.

उदाहरणादाखल वीस हजारांची फी घ्या. निम्मी माफ, म्हणजे सवलत दहा हजारांची. ते दहा हजार बापाने गावातल्या सावकाराकडून महिना शेकडा तीनने आणले आणि सरकारचे पैसे वर्षाने आले, तर व्याज झाले ३,६००. सवलत उरली ६,४०० ची. पैसे दोन वर्षांनी आले तर उरले २,८००. अर्थसंकल्पात मात्र दहा हजारच दिसतात. उरलेली रक्कम सावकाराला दिलेले अनुदान आहे. त्याचे लेखाशीर्ष तेवढे नाही.

बँका आहेत ना, असे माझे काही अर्थशास्त्री मित्र म्हणतात. शैक्षणिक कर्जात वडील सहकर्जदार असतात आणि त्यांचे पीककर्ज थकीत असेल तर शाखाधिकारी काय उत्तर देतो, हे त्यांनी एकदा मुखेडला किंवा औशाला जाऊन ऐकावे.

त्याच मित्रांचा दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे, आणि तो झटकून टाकणे बरे नाही. पदवीचा लाभ ज्याला होतो त्याने खर्च द्यावा; गरिबाच्या करातून श्रीमंताच्या मुलाला स्वस्त शिक्षण का द्यावे? १९९३ साली पुन्नय्या समितीने विद्यापीठांनी आवर्ती खर्चाचा आधी १५ आणि दहा वर्षांत २५ टक्के भाग स्वतः उभारावा असे सुचविले. २००० साली बिर्ला-अंबानी अहवालाने पुढची पायरी गाठली. पण १९६६ च्या कोठारी आयोगाने शुल्काला महसुलाचे साधन मानणे अनिष्ट ठरविले होते. हा कर गरिबावर अधिक भारी पडतो, असे त्याचे मत होते. श्रीमंताच्या मुलाकडून वसूल करावयाचे तर प्राप्तिकर आहेच, आणि तो पदवीनंतर, कमाई सुरू झाल्यावर, घेता येतो. जर्मनीतील काही राज्यांनी २००६ च्या सुमारास सहामाहीला ५०० युरो शुल्क लावून पाहिले आणि २०१४ पर्यंत सर्वांनी ते मागे घेतले. इंग्लंडने उलट मार्ग धरला : १९९८ साली १,००० पौंड, २०१२ साली ९,०००. पण तिथेही शुल्कासाठी कर्ज दिले जाते आणि त्याची फेड मिळकत ठरावीक मर्यादेपुढे गेल्यावर सुरू होते. म्हणजे बाजारवादी इंग्लंडदेखील वसुलीसाठी थांबते!

दुष्काळाची गोष्टही याच जातीची आहे. ३१ ऑक्टोबर २०१८ ला राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. कृषिपंपाच्या वीजबिलात ३३.५ टक्के सूट, जमीन महसुलात सूट आणि त्याच यादीत विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्काची माफी. तोपर्यंत हिवाळी परीक्षेचे अर्ज बहुतेकांचे भरून झाले होते. आणि माफी परीक्षेच्या शुल्कापुरतीच; शिकवणीची फी दुष्काळातही तशीच राहते.

आता त्या राहिलेल्या वाक्याकडे येतो. निवृत्तीपूर्वी मी फीच्या खिडकीच्या दुसऱ्या बाजूलाही बसलो आहे. एका महाविद्यालयाच्या प्रवेश समितीवर असताना एक मुलगी वडिलांसह आली. सोयाबीन विकल्यावर पैसे देतो, असे ते म्हणत होते. लेखनिकाने मुदत दाखविली. मी नियमाप्रमाणे सही केली नाही. दिवाळीनंतर ती परत आली नाही. मी चौकशीही केली नाही, हे आज मला सांगावे लागते.

परंतु त्या संस्थेचीही बाजू होती. विनाअनुदानित वर्गाचे शिक्षक फीवरच जगतात. सरकारकडून प्रतिपूर्तीचे पैसे थकले की पहिला त्यांचाच पगार थांबतो. संस्थाचालक खोटे बोलतात, पण प्रत्येक वेळी नाही. तेव्हा ‘फी मागू नका’ असा आदेश काढून सरकारने हात झटकणे मला मान्य नाही. मागील वर्षीच्या लाभार्थींच्या संख्येवरून अंदाजे रकमेचा मोठा भाग सरकारने जुलैतच संस्थेकडे जमा करावा, उरलेला हिशेबानंतर द्यावा. उशीर झाल्यास व्याज सरकारने द्यावे. एवढे झाल्यावर माफीपात्र मुलाकडून प्रवेशाच्या वेळी एक पैसाही घेणाऱ्या संस्थेवर कारवाई करण्याचा नैतिक अधिकार सरकारला मिळेल. ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत, उशिराबद्दल व्याज द्यावे, असा नियम साखर कारखान्यांसाठी आहे. तो पाळला जात नाही हे खरे, पण मागणी करावयास आधार तर आहे. शिष्यवृत्तीला तेवढाही नाही.

कार्यकर्त्यांनी काय करावे, असे सकाळी एका तरुण मित्राने विचारले. येत्या जूनमध्ये प्रत्येक तालुक्यात दोघांनी महाविद्यालयाच्या दारात बसावे आणि माफीपात्र मुलांकडून घेतलेल्या रकमेच्या पावत्यांच्या प्रती गोळा कराव्यात. पावतीवर ‘विकास निधी’, ‘इतर’ अशी शीर्षे असतील तर त्यांची वेगळी नोंद ठेवावी. जिथे पावतीच दिली जात नाही, तिथे तारीख आणि रक्कम लिहून मुलाची सही घ्यावी. दुसरे काम अधिसभेचे. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याप्रमाणे नोंदणीकृत पदवीधरांचे दहा प्रतिनिधी तिथे निवडून जातात. तुमच्यापैकी पदवीधर किती आहेत, आणि मतदार म्हणून नाव नोंदविलेले किती? हात वर करा पाहू.

सहा. बरे, मग आधी तेच फॉर्म मागवू या.