उंबरा आणि खांब





कोयनानगरातल्या या परिषदेसाठी आम्ही, स्वागत समितीनं, मे महिन्याची अखेर मुद्दाम निवडली. मिरग आठ-दहा दिवसांवर आलाय. कोयनेच्या शिवसागर जलाशयाचं पाणी खाली गेलंय आणि काठानं तांबड्या मातीचा उघडा पट्टा दिसतोय. काल एका पाहुण्यांनी विचारलं, हा पट्टा कसला? जलाशयाकाठच्या उतारांवरची आपली परिषद त्या पट्ट्याबद्दलच आहे. दर पावसाळ्यात तो बुडतो, दर उन्हाळ्यात उघडा पडतो. पाणी चढतं तेव्हा उताराच्या पायथ्याचं वजन कमी होतं, त्याची पकड सुटते. पाणी झपाट्यानं उतरलं, तर बाहेरचा टेकू जातो; पण डोंगराच्या पोटात मुरलेलं पाणी तितक्या घाईनं बाहेर येत नाही, आतला दाब तसाच राहतो. उतार सुटतो तो बऱ्याचदा अशा वेळी.

जमीन हलणं या भूमीला नवं नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप आमच्या घराघरांत आजही सांगितला जातो. जुलै २०२१ मध्ये याच पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळल्या. तो अतिवृष्टीचा घाला होता, जलाशयाचा नव्हे. पण वर जांभा, खाली काळा कातळ आणि दोहोंच्या मध्ये भिजली की साबणासारखी होणारी माती, ही रचना इथल्या डोंगराची आहे, आणि तोच डोंगर उतरत उतरत जलाशयात शिरतो.

आपल्या विषयाचा सर्वांत मोठा धडा मात्र इटलीतला आहे. आल्प्सच्या वायोंत दरीत २६० मीटरहून उंच कमानी धरण बांधलं. डाव्या काठावर तोक नावाचा डोंगर. १९६० च्या शरदात तिथं सुमारे दोन किलोमीटर लांबीची भेग पडली. तेव्हापासून तिथले अभियंते मोजत होते. पृष्ठभागावर खुणा रोवून सरकण्याचा वेग टिपत होते, जमिनीतल्या पाण्याची पातळी बघत होते. जलाशय हळूहळू चढवला-उतरवला, तर डोंगराची चाल आपल्या ताब्यात राहील, असा त्यांचा विश्वास होता. सप्टेंबर १९६३ च्या सुरुवातीला डोंगर दिवसाला सुमारे एक सेंटिमीटर सरकत होता. पातळी उतरवायला घेतली, तरी वेग वाढतच गेला. ९ ऑक्टोबरला तो दिवसाला वीस सेंटिमीटरच्या घरात पोचला. त्या रात्री खाली लोंगारोने गावात माणसं टीव्हीवर फुटबॉलचा सामना बघायला जमली होती. साडेदहानंतर डोंगर सुटला. सुमारे २७ कोटी घनमीटर. आपल्याकडे टीएमसीत बोलायची सवय आहे, म्हणून तसं सांगतो: साडेनऊ टीएमसी खडक, एका मिनिटाच्या आत, जलाशयात. शंभर मीटरहून उंच लाट धरणाच्या माथ्यावरून गेली. धरण उभं राहिलं, ते आजही उभं आहे. सुमारे दोन हजार माणसं गेली.

आकडे त्यांच्याकडे होते. कोणत्या आकड्याला गाव रिकामं करायचं, हे मात्र आधी लिहून ठरवलेलं नव्हतं. मला या परिषदेकडून हवंय ते हेच: आधी लिहून ठरवलेला आकडा.

एक अनुभव सांगतो. मी पाटबंधाऱ्याच्या नोकरीत असताना एका धरणाच्या काठावर उताराची मोजणी आमच्याकडे होती. दर सोमवारी थिओडोलाइट लावायचं, पाच खांबांची वाचनं घ्यायची, रजिस्टरात लिहायची. शेरा नेहमीचा: फरक नाही. एकदा उन्हाळी आवर्तनासाठी पाणी भराभर सोडलं. पुढच्या सोमवारी वाटेतल्या वाडीतल्या एका आजींनी हाक मारली. म्हणाल्या, "साहेब, उंबरा भिंतीला सोडून चाललाय." वाकून पाहिलं. दगडी उंबरा आणि मातीची भिंत यांच्यामध्ये माझी करंगळी सहज गेली. फटीतली माती ओली, ताजी. रजिस्टर म्हणत होतं, फरक नाही! कारण शोधायला चार दिवस लागले. ज्या संदर्भखांबावरून आम्ही बाकीचे खांब मोजत होतो, तो खांबच सरकणाऱ्या भागावर रोवला होता. सगळे मिळून सरकत होते, त्यामुळे कुणीच सरकल्याचं दिसत नव्हतं. आजींचं घर नेमकं भेगेवर होतं. नशिबानं उतार थांबला, तीन घरं हलवली, कुणाला इजा झाली नाही. ती फट मी विसरलेलो नाही.

आज साधनं पुष्कळ आहेत. बोअरमध्ये इनक्लिनोमीटर उतरवून जमीन किती खोलीवर कातरतेय ते कळतं, पिझोमीटर आतला दाब सांगतो, जीएनएसएस मिलिमीटरभर चाल पकडतं. ३० जुलै २०२५ ला गेलेला निसार उपग्रह दर बारा दिवसांनी तीच जागा बघतो, आणि त्याच्या रडारची लांब लहर झाडीतून जमिनीपर्यंत बऱ्यापैकी पोचते. आमच्या दाट सह्याद्रीसाठी ही मोठी सोय आहे. पण उतार सुटण्याआधीच्या शेवटच्या दोन तासांत बारा दिवसांचा उपग्रह काय करणार? तिथं काठावरचा माणूसच हवा. झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, खाचराचा बांध फुगला, दार अडकायला लागलं, हे त्याला आमच्याआधी दिसतं. त्यानं कुणाला फोन करायचा आणि त्या फोनवर कोण हलणार, हे गावोगाव ठरलेलं हवं.

काठ आधीपासून सांभाळणं अशक्य नाही. न्यूझीलंडमध्ये क्लाइड धरण भरण्याआधी काठावरच्या जुन्या दरडी शोधल्या, त्यांच्या पोटात सुमारे १८ किलोमीटरचे बोगदे खणून पाणी काढलं, आणि मगच १९९२-९३ मध्ये टप्प्याटप्प्यानं जलाशय भरला. खर्च अफाट झाला. मला तो योग्य वाटतो.

आपल्याकडे सुरुवात काठावरच्या माणसापासून व्हावी, म्हणून उद्या दुपारच्या सत्रात पहिल्या रांगेत पोलीस पाटील बसतील आणि तज्ज्ञ मंडळी त्यांच्याशी मराठीत बोलतील, अशी विनंती मी अध्यक्षांना केली आहे. त्यांनी ती लगेच मानली, त्यांचे आभार.

जेवण बचत गटाच्या ताईंनी केलंय: नाचणीची भाकरी, फणसाची भाजी, वर करवंदं. राहण्याच्या सोयीत काही उणं राहिलं असेल तर मला हक्कानं सांगा. काठ पाहायला गाड्या सकाळी सहाला निघतील. उशीर झाला तर ऊन फार होतं. बूट घाला, पाण्याची बाटली घ्या. आणि वाडीत कुणी घराची भेग दाखवायला बोलावलं, तर आत जाऊन बघा.