डोईवरची घागर

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात केलेले भाषण)



विणेकरी बाबा, चोपदार, टाळकरी मंडळी आणि डोईवर तुळस घेऊन चालणाऱ्या माझ्या मायबहिणींनो, मी चौथी शिकलेला शेतकरी. शाळेतलं ज्ञान थोडं, पण पाऊस जन्मभर बघतोय. पूर्वी मृग निघाला की पेरणीचा अंदाज बांधता यायचा. आता महिनाभर आभाळ कोरडं, आन् मग महिन्याचा पाऊस एका रात्रीत. माती वाहून जाते, पाणी मुरत नाही, विहीर फाल्गुनातच तळ दाखवते. हवामान बदललं म्हणतात ते हेच.

हे संकट सगळ्यांवर आलं खरं, पण सारखं आलं नाही. पीक गेलं की खुरपणी गेली, वेचणी गेली. बाईची मजुरी आधी बुडते. विहीर आटली की गडी पारावर बसून पावसाची चर्चा करतो, बाई घागर घेऊन निघते. बीडकडून जोडपी ऊसतोडीला जातात. नवराबायको मिळून एक कोयता. मोळ्या बाई डोक्यावर वाहते, उचल मात्र नवऱ्याच्या हातात पडते. खाडा झाला की दंड, म्हणून दुखणं अंगावर काढायचं. या बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ साली एवढं गाजलं की सरकारला समिती नेमावी लागली. दुष्काळ असा बाईच्या शरीरापर्यंत पोचतो.

दुसऱ्याचं कशाला, माझंच सांगतो. २०१३ च्या दुष्काळात गावात टँकर यायचा, त्याला वेळकाळ नव्हता. घरी कुणीतरी थांबायलाच पाहिजे. मी धाकट्या लेकीला म्हणालो, "दोन महिने शाळा राहू दे." ती सातवीत होती. तिचा थोरला भाऊ घरीच बसून होता. त्याला सांगावं, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. दोन महिन्यांची शाळा कायमची सुटली. त्याच दिवसांत एका सप्त्यात मी जनाबाईंच्या चरित्रावर दोन तास कीर्तन केलं. लोक रडले. घरी आलो, तर लेक रिकाम्या ड्रमाशेजारी झोपलेली.

माऊली, नाथांच्या घरी देव श्रीखंड्या होऊन बारा वर्षं कावडीनं पाणी भरत होता, हे आपण हात जोडून ऐकतो. देवाला पाणी भरायची लाज वाटली नाही, मग आपल्यालाच का वाटावी? वारीत बाईच्या डोईवरच्या तुळशीला आपण वाकून नमस्कार करतो. घरी त्याच डोईवर घागर असते. ती उतरवायला आपला हात पुढं होत नाही.

म्हणून या शंभराव्या वर्षी माझं मागणं एवढंच. मुक्कामाला टँकर आला की बादल्या आधी गड्यांनी धरायच्या. गावी गेल्यावर पाण्यापायी एकाही पोरीची शाळा मोडायची नाही. आणि सातबाऱ्यावर कारभारणीचं नाव लावायचं. मी गेल्या साली लावलं.

लेकीची शाळा मला परत देता येत नाही. पण आता नात शाळेत जाते, आणि घरची घागर मी भरतो.

रामकृष्ण हरी!