दूध डेअरीला, पालेभाजी बाजाराला

(कळंब, ता. आंबेगाव येथे महिलांच्या बैठकीत केलेलं भाषण)



संशोधन म्हटलं की आपल्या भागात खोडदची दुर्बीण आठवते. पोरांच्या सहली जातात. आपल्यातल्याही काहीजणी २८ फेब्रुवारीला त्या ४५ मीटरच्या तबकड्या बघून आल्या असतील. आज मी सांगणार आहे ते संशोधन आभाळातलं नाही, आपल्या चुलीपाशी आणि विहिरीवर झालेलं आहे.

१९९३ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या सहा खेड्यांत अभ्यास सुरू केला. दिवस जाण्याच्या आधीपासून बायकांची वजनं-उंची मोजली, मग बाळं मोजली. सरासरी वजन भरलं सुमारे २.७ किलो. इंग्लंडातल्या बाळाचं साडेतीन. आपलं बाळ दिसायला किडकिडीत, पण अंगात चरबी मात्र त्या मानानं जास्त. पुढे मधुमेह होण्याची पाळंमुळं इथेच असावीत, असं हे संशोधक मांडतात.

याच गावांतल्या ७९७ गरोदर बायकांच्या आहाराचा अभ्यास पुण्याच्या आघारकर संस्थेतल्या शोभा राव यांनी सहकाऱ्यांसह २००१ मध्ये प्रसिद्ध केला. एकूण उष्मांक किंवा प्रथिनं किती, याचा बाळाच्या वजनाशी संबंध दिसला नाही. दूध, पालेभाजी, फळं ज्यांच्या खाण्यात जास्त वेळा होती, त्यांची बाळं मोठी होती.

हे वाचून मी गावोगाव 'पालेभाजी खा' म्हणत हिंडले. एका बैठकीत एक बाई म्हणाली, "ताई, मेथी मीच खुडते. जुड्या बांधून मंचरला जाते ती. दूध डेअरीला. मी खायचं काय?" एम.एस.डब्ल्यू. शिकलेल्या मला उत्तर सुचलं नाही. ताटाचा हिशेब घरात कोण करतं, हे मी विचारलंच नव्हतं.

कामाचंही तसंच. २००३ चा अभ्यास सांगतो की गरोदरपणात कष्टाचं काम जितकं जास्त, तितकं बाळाचं वजन कमी आणि डोकं लहान. बायकांशी बोलूनच त्यांनी प्रश्नावली तयार केली होती, म्हणून विहिरीचं पाणी आणि धुणंसुद्धा 'काम' म्हणून मोजलं गेलं. खानेसुमारीत आपण 'काही करत नाही' असं नवरे खुशाल लिहून देतात!

आणखी एक. साठ टक्क्यांहून अधिक गरोदर बायकांच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होतं. ते भाजी-भाकरीत नसतं. दूध, अंडी, मटण-मासळीत असतं. ज्या आयांमध्ये बी-१२ कमी आणि फॉलिक ॲसिड जास्त होतं, त्यांच्या सहा वर्षांच्या मुलांत मधुमेहाकडे नेणारा दोष सर्वांत जास्त दिसला, असं २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणून सरकारी गोळ्या टाकून देऊ नका, त्या लागतातच. पण बी-१२ चं काय, हे नर्सबाईंना विचारा.

आता 'आईनं नीट खाल्लं नाही' असा ठपका कुणी ठेवला, तर त्याला विचारा : घरात दूध किती निघतं, किती राहतं, ते कोण पितं?

पुढच्या बैठकीला सासूबाईंना आणि नवऱ्यांनाही आणा. येताना प्रत्येकीनं आठवड्याचं लिहून आणायचं : डेअरीला घातलेलं दूध, घरी ठेवलेलं दूध आणि पाण्याच्या खेपा. लिहिता येत नसेल तिनं भिंतीवर कोळशानं रेघा ओढाव्यात.