किरकोळ अपघात, विमा आणि आपली मोटार

(मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मोठ्या अपघातांविषयी वर्तमानपत्रांतून पुष्कळ छापून येते. मी आज बोलणार आहे ते लहान अपघाताविषयी. सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीला मागून धक्का बसतो, वळणावर रिक्षा घासून जाते, मडगार्ड वाकते, बंपरला तडा जातो. देवदयेने म्हणा की योगायोगाने म्हणा, कोणाला खरचटलेले नसते. पण गॅरेजवाला दहा-पंधरा हजारांचा आकडा सांगतो. ज्या घरात ही पहिलीच मोटार आहे, जिचे कर्जाचे हप्ते अजून पगारातून कापले जात आहेत आणि त्याच पगारातून मुलांची फी भरायची आहे, त्या घराला ही रक्कम किरकोळ नसते. म्हणून हा विषय आपल्यापैकी अनेकांच्या घरखर्चाचा आहे असे मी समजतो.

विम्याचे पैसे आपण दरवर्षी नेमाने भरतो. परंतु पॉलिसी उघडून वाचणारे किती? कागद इंग्रजीत, अक्षर बारीक, आणि एजंट म्हणेल ती पूर्व दिशा! मग नुकसान झाल्यावर कळते की आपण ज्याला विमा समजत होतो तो आपल्या गाडीचा नव्हताच. तेव्हा आरंभ तेथूनच करू.

मोटारीच्या विम्याचे दोन भाग असतात. पहिला तृतीय पक्षाचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे जे नुकसान होईल त्याचा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ नुसार हा सक्तीचा आहे. तो नसताना गाडी रस्त्यावर आणली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी २००० रुपये व पुढच्या वेळी ४००० रुपये दंड, तसेच तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. दुसरा भाग स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. तो ऐच्छिक आहे. केवळ पहिला भाग घेतला असेल तर समोरच्याचा बंपर भरून मिळेल, आपला नाही.

येथे एक खड्डा आहे तो दाखवतो. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तृतीय पक्षाचा विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. पण त्यासोबत स्वतःच्या नुकसानीचा विमा पुष्कळदा एकाच वर्षाचा दिलेला असतो. मालक समजतो, तीन वर्षे चिंता नाही. दुसऱ्या वर्षी धडक बसते तेव्हा कळते की निम्मा विमा केव्हाच संपला. तेव्हा आज घरी गेल्यावर पॉलिसी काढा आणि दोन्ही भागांच्या शेवटच्या तारखा वेगवेगळ्या लिहून ठेवा. एवढे जरी केले तरी माझे येथे येणे सार्थकी लागले.

आता प्रत्यक्ष अपघाताच्या जागी काय करावे? प्रथम माणसे पाहावीत, गाडी नंतर. कोणाला इजा असेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे हे चालकाचे कर्तव्य आहे. माणूस जखमी झाला किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले, आणि जागेवर पोलीस नसले, तर जवळच्या पोलीस ठाण्यात लवकरात लवकर, फार तर २४ तासांत, माहिती द्यावी लागते. विमा कंपनीलाही कळवावे लागते.

त्यानंतर फोटो. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असलेला फोन आहे, त्याचा उपयोग करा. गाड्या बाजूला घेण्यापूर्वी दोन्ही गाड्यांचा क्रमांक दिसेल असा एक फोटो, रस्ता दिसेल असा एक, आणि नुकसानीचे जवळून दोन-तीन. समोरच्या चालकाचे नाव, गाडीचा क्रमांक, विमा कंपनीचे नाव आणि एखाद्या साक्षीदाराचा फोन टिपून घ्या. वेळ, ठिकाण आणि काय घडले हे त्याच दिवशी चार ओळींत लिहून ठेवा. दोन आठवड्यांनी अर्ज भरताना आठवण दगा देते. कागद देत नाही.

आपल्याकडे रस्त्यावर लगेच गर्दी जमते. कोणीतरी पुढारी होतो आणि म्हणतो, "कशाला पोलीस अन् कशाला विमा, पाच हजार टाका आणि मिटवा." अशा वेळी घाबरून खिसा मोकळा करू नये. पॉलिसीतच अट असते की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करणे, भरपाईचे वचन देणे किंवा पैसे देणे हे विमाधारकाने करू नये. आपण पाच हजार देऊन बसलो तर ते कंपनीकडून परत मिळण्याची आशा धरू नये. आणि ज्याला दिले तो पुन्हा मागणार नाही याची हमी काय? शांतपणे सांगावे, "तुमचाही विमा आहे, माझाही आहे. नंबर घ्या, रीतसर काय ते होईल." माणुसकीने बोलावे, पण तोडपाणी करू नये.

पुष्कळांचा प्रश्न असतो, चूक समोरच्याची असताना मी माझ्या विम्यातून खर्च का करावा? त्याच्या विम्यातून नुकसान वसूल करण्याचा मार्ग कायद्यात आहे. परंतु तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातून जातो. तेथे समोरच्याचा दोष दाखवावा लागतो, पोलिसांचे कागद लागतात आणि वेळही जातो. वाकलेल्या मडगार्डासाठी बहुतेक लोक आपापल्या पॉलिसीतून दुरुस्ती करून घेतात, ते याच कारणाने. मात्र कोणी जखमी असेल तर गोष्ट वेगळी. तेथे कागदपत्रांत कसूर करू नये आणि वकिलाचा सल्ला घ्यावा.

आता दुरुस्ती. सर्वांत महत्त्वाचा नियम हा की, कंपनीला कळवल्याशिवाय आणि पाहणी झाल्याशिवाय गाडी उघडू नये. प्रचलित पॉलिसीत मालकाला स्वतःच्या अखत्यारीत फक्त ५०० रुपयांपर्यंतची दुरुस्ती करून घेण्याची मुभा दिलेली असते. ५०० रुपयांत आज काय होते ते आपण जाणताच! ओळखीच्या मिस्त्रीने प्रेमाने रात्रीत पत्रा ठोकून सरळ केला, तर सकाळी सर्व्हेअर पाहणार काय? रेडिएटर गळत असेल, चाकाला पत्रा घासत असेल, तर गाडी चालवत नेऊ नये, उचलून न्यावी. खासगी मोटारीला जवळच्या गॅरेजपर्यंत नेण्याचा खर्च साधारण १५०० रुपयांपर्यंत पॉलिसीत धरलेला असतो. तशीच चालवून इंजिन बसले, तर ते वाढीव नुकसान मालकाच्या अंगावर पडते.

कंपनीला फोन केल्यावर दाव्याचा क्रमांक मिळतो, तो लिहून घ्या. गॅरेजकडून लेखी अंदाजपत्रक घ्या. अर्जासोबत आरसी, चालवणाऱ्याचे लायसन्स, पॉलिसी आणि हे अंदाजपत्रक लागते. लहान दाव्यात आजकाल काही कंपन्या फोटोंवरूनच पाहणी करतात. एरवी सर्व्हेअर येतो. तो येईल तेव्हा स्वतः हजर राहा. कोणता भाग बदलायचा आणि कोणता सरळ करायचा हे तेथेच ठरते. उघडल्यावर आत आणखी मोडतोड निघाली तर काम थांबवून पुन्हा पाहणी करून घ्या. आणि गॅरेजवाला म्हणाला, "साहेब, दुसऱ्या बाजूचा जुना ओरखडाही यातच बसवून टाकतो," तर हात जोडून नाही म्हणा. अर्जाखाली सही आपली असते, त्याची नव्हे. खोटी माहिती निघाली तर खरा दावाही हातचा जातो.

आता हिशेब पाहू, कारण भांडणे येथेच होतात. "विमा असताना मी पैसे का भरू?" असे लोक विचारतात. कंपनी जुन्या भागाच्या जागी नव्याची पूर्ण किंमत देत नाही, घसारा कापते. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर ५० टक्के. काचेवर काही नाही. पत्र्यावर गाडीच्या वयाप्रमाणे: पहिले सहा महिने शून्य, पुढे वर्षापर्यंत ५, दोन वर्षांपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, पाच ते दहा वर्षे ४० आणि त्यापुढे ५० टक्के. रंगकामाच्या बिलातील चौथा हिस्सा रंगसामानाचा धरून त्याचा निम्मा कापतात. मजुरीवर घसारा नाही. याशिवाय १५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला १००० रुपये आणि त्यावरील मोटारीला २००० रुपये प्रत्येक दाव्यात मालकाने सोसायचे असतात. जादा हप्ता भरून घसारामाफीची जोड घेता येते. नव्या गाडीला ती घेणे फायद्याचे.

उदाहरण घेऊ. सहा वर्षांची लहान मोटार. बंपर ४००० रुपये, मडगार्ड ३०००, रंगकाम ६०००, मजुरी २०००; एकूण १५,०००. सोयीसाठी कर बाजूला ठेवू. कंपनी बंपरचे २०००, मडगार्डचे १८००, रंगाचे ५२५० आणि मजुरीचे २००० धरील. झाले ११,०५०. त्यातून १००० वजा. हाती १०,०५०. उरलेले ४९५० आपले.

म्हणजे दहा हजार मिळाले, छान झाले. थांबा! दावा केला नाही तर पुढच्या वर्षी स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात सूट मिळते, तिला नो क्लेम बोनस म्हणतात. ती २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के अशी चढते. एक दावा केला की शिडीवरून खाली, पुन्हा शून्यावर. समजा या गाडीचा मूळ हप्ता ८००० आहे आणि आपण ५० टक्क्यांवर होतो, म्हणजे ४००० भरत होतो. हप्ता तेवढाच राहिला असे धरले, तर दाव्यानंतर क्रमाने ८०००, ६४००, ६०००, ५२०० आणि ४४०० भरावे लागतील. पाच वर्षांत जादा गेले १०,०००. मिळाले १०,०५०! सगळ्या धावपळीची कमाई पन्नास रुपये.

याचा अर्थ दावा करू नये असा नाही. बिल चाळीस हजारांचे असेल तर अवश्य करावा, तो आपला हक्क आहे. परंतु पाच-सहा हजारांच्या ओरखड्यासाठी करण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन बसावे. हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो, गाडी विकली तरी नव्या गाडीला लावता येतो. मात्र पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण झाले नाही तर तो बुडतो.

आणखी दोन गोष्टी, ज्यांत आपले तरुण हमखास अडकतात. पहिली, जुनी गाडी. स्टॅम्पपेपरवर सही झाली, पैसे दिले, किल्ली घेतली, आरसी मात्र आधीच्याच नावावर. तृतीय पक्षाचा विमा गाडीबरोबर नव्या मालकाकडे जातो. स्वतःच्या नुकसानीचा तसा आपोआप जात नाही. म्हणून चौदा दिवसांच्या आत विमा कंपनीकडे नावबदलाचा अर्ज द्यावा. विकणाऱ्यानेही गाफील राहू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात स्पष्ट केले आहे की, नोंदणी ज्याच्या नावावर तोच कायद्याने मालक. गाडी तीन हात पुढे गेली तरी भरपाईची जबाबदारी त्याच्याच दारात येते.

दुसरी गोष्ट, पांढऱ्या पाटीची खासगी गाडी लग्नसराईत भाड्याने फिरवणे. खासगी पॉलिसीत भाड्याचा वापर बसत नाही. दोन हजारांच्या भाड्यापायी सबंध विमा धोक्यात येतो. गाडीवर पोट चालवायचे असेल तर परवाना आणि विमा त्या प्रकारचाच घ्यावा. नंतर बसवलेल्या सीएनजी किटचीही आरसीवर आणि पॉलिसीवर नोंद करून घ्यावी.

शेवटी, दावा नाकारला तर? काउंटरवरच्या माणसाने "होत नाही" म्हटले की मान खाली घालून परतायचे, ही सवय आपण सोडली पाहिजे. तोंडी नकार म्हणजे नकार नव्हे. कारण लेखी मागा आणि ते पॉलिसीच्या कोणत्या अटीवर आधारले आहे ते विचारा. उदाहरणार्थ, केवळ कळवण्यास उशीर झाला एवढ्याच कारणावरून खरे दावे नाकारू नयेत असे विमा नियामकाने २०११ मध्येच कंपन्यांना कळवले आहे. प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. एका महिन्यात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत. तेथे फी नाही, वकील लागत नाही. अर्ज साध्या कागदावर, मुद्देसूद, तारखांसह आणि कागदांच्या प्रती जोडून करावा. ग्राहक आयोगाचा मार्गही दोन वर्षांपर्यंत खुला असतो. मात्र तेथे प्रकरण चालू असताना लोकपालाकडे जाता येत नाही, एवढे ध्यानात ठेवा.

बंधू-भगिनींनो, आपल्या समाजातील ज्या मुलांना इंग्रजी वाचता येते, संगणक येतो, त्यांना माझी विनंती आहे. महिन्यातून एका रविवारी मंडळाच्या सभागृहात तास-दोन तास बसा. शेजाऱ्यांच्या पॉलिस्या वाचून त्यांना मराठीत समजावून सांगा. कोणाची तारीख संपत आली, कोणाची आरसी जुन्या नावावर आहे, याची एक वही ठेवा. यात पैसा लागत नाही. पण अशा एका वहीमुळे कोणाच्या घरचा महिन्याचा पगार वाचू शकतो.

 गाडी सावकाश चालवा.