शिकविल्याने येते ती विद्या

(ज्ञातिमंडळाच्या विद्यार्थी-गुणगौरव समारंभातील भाषण)



आज ज्यांचा गौरव झाला त्यांचे मी मनःपूर्वक अभिनंदन करतो. गुणपत्रिकेवरील आकडे आपण ऐकलेच. परंतु त्यामागील ज्ञान कितपत आपले झाले आहे, हे पाहण्याची एक कसोटी मला सुचवावयाची आहे. शिकलेला विषय घरातील दहा वर्षांच्या भावंडाला, पारिभाषिक शब्द टाळून, समजावून सांगून पाहावा.

समजा, त्याने विचारले, "उन्हाळा का होतो?" पुष्कळ पदवीधर चटकन सांगतील, "पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून." पण ती सर्वांत जवळ असते जानेवारीच्या आरंभी, सुमारे 14.7 कोटी किलोमीटरांवर. आणि तेव्हा तर आपल्याकडे थंडी! दुसरा म्हणेल, "पृथ्वीचा अक्ष सुमारे 23.5 अंशांनी कललेला आहे म्हणून." उत्तर बरोबर; पण मुलाचे "म्हणजे काय?" शिल्लकच राहते. मग विजेरी घ्यावी. भिंतीवर सरळ धरली तर उजेडाचे वर्तुळ लहान व प्रखर दिसते. तिरपी धरली तर तोच उजेड पसरून फिका होतो. सूर्यकिरणांचेही तसेच. शिवाय अक्षाच्या कलामुळे दिवसही लहानमोठा होतो. एवढे दाखवू लागले, की आपल्याच ज्ञानात पोकळी कोठे होती ते उमगते. घोकलेला शब्द ती झाकतो. साधा शब्द ती उघडी करतो.

1965 च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी, अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांना एका सहकाऱ्याने सूक्ष्म कणांविषयीचा एक नियम सोपा करून मागितला. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी त्यावर व्याख्यान तयार करतो, असे ते म्हणाले. आणि काही दिवसांनी परत येऊन त्यांनी सांगितले, की ते साधले नाही. अर्थात तो नियम आपल्याला खरोखर समजलेलाच नाही. एवढ्या पंडिताला हे सांगण्यात कमीपणा वाटला नाही, तर आपणांस का वाटावा?

म्हणून माझी विनंती अशी, की मंडळाची शिष्यवृत्ती घेणाऱ्या प्रत्येकाने आठवड्यातून दोन तास धाकट्या मुलांना शिकवावे. ज्या घरी शिकवणीचा खर्च झेपत नाही, त्या घरचे मूल प्रथम घ्यावे. ते आपल्याच ज्ञातीचे असावे असा आग्रह नसावा. यात उपकाराची भावनाही नको, कारण अधिक लाभ शिकविणाराचाच आहे. विद्या दिल्याने वाढते, असे आपण सभांतून नेहमी म्हणतो. ती कशी वाढते, हे त्या दोन तासांत प्रत्ययास येईल.