सोडचिठ्ठी आणि हुकूमनामा

पुणें-सोलापूर रस्त्यावरील यवत गांवीं, किंवा आसपासच्या एखाद्या वाडीवर, मुलीचा संसार मोडला म्हणजे प्रथम न्यायालय कोणास आठवत नाहीं. दोन्हीकडचे चार वडीलधारे बसतात, आंदणाचीं भांडीं परत होतात आणि स्टँपाच्या कागदावर मजकूर लिहिला जातो कीं, उभयतांचा यापुढें कांहीं संबंध राहिला नाहीं. खालीं दोघांच्या सह्या आणि नोटरीचा शिक्का. मुलीचा बाप तो कागद ट्रंकेंत जपून ठेवतो व मुलगी सुटली असें समजतो. श्रोतेहो, बहुतेक प्रसंगीं ती सुटलेली नसते.

या समजुतीचें मूळ जुनें आहे. ज्या जातींत काडीमोडीची चाल होती तेथें ती पंचांसमक्ष होई. जेथें ती चाल नव्हती तेथील स्त्रीला नवऱ्यानें टाकलें तरी सुटका नव्हती. बडोदें संस्थानानें १९३१ सालीं आणि मुंबई प्रांतानें १९४७ सालीं कायद्यानें ही वाट मोकळी केली. पुढें १९५५ चा हिंदु विवाह कायदा आला. बौद्ध, जैन व शीख यांनाहि तोच लागू आहे. त्याच्या २९ व्या कलमानें रूढीची काडीमोड राखून ठेविली आहे, आणि कागदवाले बोट दाखवितात तें याच कलमाकडे. परंतु रूढी आहे असें नुसतें म्हणून भागत नाहीं. ती पूर्वापार चालत आलेली आहे हें पुराव्यानें शाबीत करावें लागतें. सर्वोच्च न्यायालयानें २००२ सालीं एका खटल्यांत हेंच बजाविलें. एरवीं विवाह मोडतो तो न्यायालयाच्या हुकूमनाम्यानें.

कागदाच्या भरंवशावर नवरा दुसरें लग्न करतो तेव्हां खरा अनर्थ होतो. कायद्याच्या दृष्टीनें पहिली अद्याप बायको, आणि जी घरांत नांदते ती बायकोच नव्हे! हें त्या दुसरीला पुष्कळदां कळतें तें नवऱ्याच्या पश्चात्, निवृत्तिवेतनाचा अर्ज करतांना. पहिलीनें दुसरें घर केलें तर गुन्हा तिच्याहि माथीं येतो. शिक्षा सात वर्षांपर्यंत. "पोटगी मागणार नाहीं" अशी ओळ तर त्या कागदांत हटकून असते. ती लिहून घेणाऱ्यांना शहाणे म्हणवत नाहीं. असली कबुली न्यायालयापुढें सहसा टिकत नाहीं.

दोघांची संमति असेल तर मार्ग अवघड नाहीं. एक वर्ष वेगळें राहिल्यावर दोघांनीं मिळून अर्ज करावयाचा, आणि सहा महिन्यांनंतर, पण अठरा महिन्यांच्या आंत, पुन्हां हजर होऊन तीच इच्छा सांगावयाची. मधल्या काळांत कोणासहि मन बदलण्याची मुभा आहे. योग्य प्रकरणीं न्यायालय हे सहा महिने माफ करूं शकतें, असा निर्णय २०१७ सालीं झाला. संमति नसेल तर छळ, व्यभिचार, दोन वर्षांचा परित्याग असें कांहीं कारण सिद्ध करावें लागतें, आणि त्यास वेळ लागतो.

यवतला माहेरीं आलेल्या मुलीनें सासरच्या दूरच्या जिल्ह्यांत खेटे घालावे लागतील या भयानें गप्प बसूं नये. २००३ पासून पत्नीला, ती राहते त्या भागावर ज्या न्यायालयाचा अधिकार चालतो तेथें, अर्ज करतां येतो. खटला चालूं असतां पोटगी व खर्च मागतां येतो. वकिलाची फी परवडत नाहीं ही अडचणहि उरलेली नाहीं: १९८७ च्या कायद्याप्रमाणें स्त्रीला, तिचें उत्पन्न कितीहि असो, मोफत वकील मिळतो. त्यासाठीं दौंडच्या न्यायालयांत तालुका विधि सेवा समितीकडे साधा अर्ज पुरतो.

निकाल लागल्यावरहि लगेच बोहल्यावर चढूं नये. अपिलाची मुदत संपूं द्यावी. हुकूमनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल मागून घ्यावी, आणि मग बापानें ट्रंकेंतला तो जुना कागद काढून त्या जागीं ही नक्कल ठेवावी.