पहिला पाट
(नेवासा येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)

नेवाशात व्यासपीठावर उभा राहणारा माणूस ज्ञानेश्वरांच्या पैस खांबाला नमस्कार केल्याशिवाय पुढे जात नाही. तो मीही केला. मात्र तो खांब दगडाचा आहे, आणि दगडाला मार्चात काय नि ऑगस्टात काय, काही फरक पडत नाही. आज आपल्याला बोलायचंय लाकडाबद्दल, आणि त्याला फरक पडतो. घरी फर्निचर करू पाहणाऱ्या नवख्या माणसाची निम्मी फजिती एवढी एक गोष्ट ठाऊक नसल्यानं होते.

पत्रिकेत ‘घरच्या घरी लाकडी फर्निचर’ असं छापलंय. त्यामुळे कुणी दिवाणाची मापं घेऊन आलं असेल, कुणी शोकेसची. आधीच सांगून टाकतो, आज आपण पाट करणार आहोत. जेवायला बसायचा, साधा, एक फूट रुंद, दीड फूट लांब पाट. निराशा झाली असेल तर इलाज नाही. एक फळी, खाली दोन आडव्या पट्ट्या. यापेक्षा सोपी वस्तू घरात सापडणार नाही, आणि यापेक्षा लवकर तडकणारीही.

का तडकते ते आधी बघू. झाड म्हणजे खालून वर जाणाऱ्या बारीक नळ्यांची जुडी. तोडल्यावर ते वाळायला लागतं. नळ्यांच्या पोकळीतलं पाणी आधी जातं, तेव्हा लाकूड हलकं होतं, पण मापात बदलत नाही. ओलावा साधारण 30 टक्क्यांच्या खाली उतरला की नळ्यांच्या भिंतींतलं पाणी जाऊ लागतं आणि लाकूड आक्रसतं. गंमत अशी की लांबीत ते जवळजवळ आक्रसतच नाही. रुंदीत आक्रसतं. साग हे लाकडांमधलं शहाणं लाकूड मानलं जातं, तरी ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत वाढीच्या वर्तुळांच्या दिशेनं ते सुमारे 5.8 टक्के आक्रसतं, गाभ्याकडून सालीकडे सुमारे 2.5 टक्के. बरं, एकदा वाळलं म्हणजे सुटलो असंही नाही. पावसाळ्यात हवेतला ओलावा पिऊन ते पुन्हा फुगतं, उन्हाळ्यात पुन्हा आवळतं, आणि जन्मभर हेच करत राहतं. आपला मुलूख पर्जन्यछायेतला. एप्रिलमधली आपली हवा आणि ऑगस्टमधली हवा यांत किती अंतर आहे ते मी तुम्हाला सांगायला नको. लाकडातला ओलावा पाचसहा टक्क्यांनी बदलला, तर एक फूट रुंदीची फळी सुमारे 3 मिलिमीटर कमीजास्त होते.

आता आपल्या पाटाकडे या. वरची फळी रुंदीत 3 मिलिमीटर हलणार. खालची पट्टी तिला आडवी, म्हणजे पट्टीची लांबी फळीच्या रुंदीवर आलेली, आणि लांबीत लाकूड हलत नाही. उत्साही माणूस काय करतो, तर पट्टीला भरपूर फेविकॉल लावतो, वर सहा स्क्रू कचकचून आवळतो. पावसाळ्यात केलेला पाट पुढच्या होळीला मधोमध उभा फाटतो. मग लाकूड खराब होतं म्हणायचं, वखारवाल्याला नावं ठेवायची.

उपाय एवढाच की हलणाऱ्याला हलू द्यायचं. पट्टीच्या मधला स्क्रू घट्ट. कडेच्या दोन स्क्रूंसाठी पट्टीतली भोकं गोल न ठेवता फळीच्या रुंदीच्या दिशेनं लांबट करायची, म्हणजे फळी सरकली की स्क्रू तिच्याबरोबर सरकेल. गोंद नाही. जुन्या वाड्यातला पाट माळ्यावर असेल तर उलटा करून बघा. काही पाटांत खालची पट्टी तिरक्या कडांच्या खाचेत नुसती सरकवून बसवलेली दिसेल. खिळा नाही, स्क्रू नाही, आणि तरी पाट सपाट.

हे ज्ञान कुठून बाहेरून आणायला नको, समोर बसलेल्या ज्येष्ठांना ते पाठ आहे. बैलगाडीचं लाकडी चाक आठवा. मधला तुंबा, त्यात बसवलेले आरे, बाहेर पुठ्ठे, आणि त्यांच्यावर तापवून चढवलेली लोखंडी धाव. उन्हाळ्यात पुठ्ठे आवळले, धाव सैल झाली, चाक खुळखुळायला लागलं की ते पाण्यात टाकून ठेवायचे. लाकूड फुगायचं, चाक पुन्हा घट्ट. लाकडाच्या हालचालीची तक्रार न करता तिच्याकडून काम करून घेणं ते हे.

प्रवरेच्या काठाला सुतारकामाची विद्या फार जुनी आहे. पुरातत्त्वज्ञ सांकलियांच्या मार्गदर्शनाखाली डेक्कन कॉलेजनं 1954 ते 56 या काळात इथं उत्खनन केलं. ताम्रपाषाण काळातल्या घरांची लाकडं केव्हाच माती झाली होती. त्यांचे खांब कुठे रोवले होते ते जमिनीतल्या खड्ड्यांवरून कळतं. नदीच्या वरच्या अंगाला जोर्वे, तिथं तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या. आणि श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला 1974 मध्ये जी ब्राँझची शिल्पं निघाली, त्यांत एक रथ आहे. दोन बैल, लांब दांडी, उभा सारथी, भरीव चाकं. ज्यानं तो ओतला त्यानं लाकडाची गाडी जवळून पाहिलेली होती असं माझं मत. सुतार मेला, गाडी मेली, धातूतली नक्कल उरली. इतिहासात सुतारांवर हा अन्याय नेहमीचाच आहे.

जिवंत सुतारावरही कमी झाला नाही. बलुतेदारीत सुतारानं नांगर, वखर, गाडी करायची, दुरुस्त करायची, आणि खळ्यावर धान्याचं बलुतं न्यायचं. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याची आपल्याकडे रीत आहे. मला त्यातलं निम्मंच पटतं. विद्या एका जातीच्या घरात राहिली, बाकीच्यांनी हातात करवत धरणं कमीपणाचं मानलं, आणि ज्याच्या हातात होती त्याला पंगतीत बाजूला बसवलं. आज शहरातला इंजिनिअर हौसेनं रंधा मारतो आणि फोटो टाकतो, त्याला ‘छंद’ म्हणतात. सुताराच्या मुलानं तेच केलं तर त्याला शिक्षण झालं नाही म्हणतात. हाताच्या कामाला शिक्षणाची जागा देण्याचा एक नीट प्रयत्न आपल्या शेजारच्या जिल्ह्यात झाला. डॉ. श्रीनाथ कलबाग या शास्त्रज्ञांनी 1983 मध्ये पाबळला विज्ञान आश्रम काढला. त्यांच्या अभ्यासक्रमात शाळेतली मुलं मोजतात, कापतात, जोडतात, आणि जे करतात ते गावाच्या उपयोगाचं असावं असा आग्रह असतो. पाट करू पाहणाऱ्या प्रौढांनी तिथल्या मुलांकडून एक गोष्ट जरूर घ्यावी. ती मुलं आधी मोजतात.

मोजण्याकडे येतोच, पण आधी हत्यारं, कारण त्यांची यादी तुम्ही मागणारच. करवत, रंधा, दोनतीन मापांच्या पटाश्या, लाकडी हातोडा, काटकोन तपासायचा गुण्या, दोन शिकंजे आणि धारेचा दगड. विजेची यंत्रं पहिल्या वर्षी घेऊ नका. ती वेगात चूक करतात. मोठं वर्कबेंचही लागत नाही. आपला सुतार पिढ्यानपिढ्या जमिनीवर बसून, पायानं लाकूड दाबून काम करत आला. पाश्चात्त्य व्हिडिओ बघून आधी दोन महिने बेंच बांधणारे आणि मग दमून सोडून देणारे लोक मी पाहिलेत.

यादीत शेवटी दगड आला, पण महत्त्वात तो पहिला. दुकानातून आलेली पटाशी बोथट असते. धार नसलेली पटाशी जोर मागते, जोर दिला की निसटते, आणि निसटली की हातात घुसते. दुसरा हात कधीही पटाशीच्या पुढे ठेवायचा नाही.

आणि रेघ. पेन्सिलीच्या रेघेलाही जाडी असते. कापायचं ते टाकाऊ तुकड्याच्या बाजूनं, रेघ शिल्लक ठेवून. नंतर रंध्यानं रेघेपर्यंत यायचं. सांधा बिघडतो तो बहुतेक वेळा आखताना, करवत बिचारी सांगितलं तिथंच जाते. शक्य असेल तिथं फूटपट्टीनं मापच घेऊ नका; जो तुकडा बसवायचा तोच प्रत्यक्ष ठेवून खूण करा.

एक फूट रुंदीची अखंड सागाची फळी आज सहज मिळत नाही, मिळाली तर परवडत नाही. दोनतीन अरुंद पट्ट्या कडेला कड लावून जोडा. कडा रंध्यानं सरळ करायच्या, दोन्ही एकमेकींवर ठेवून उजेडासमोर धरायच्या, आणि फटीतून प्रकाश दिसेनासा होईपर्यंत रंधा मारायचा. या कामाला वेळ लागतो, लागू द्या. हा सांधा नीट बसला तर फेविकॉल लाकडापेक्षा पक्का धरतो; मोडायला गेलात तर शेजारचं लाकूड फाटेल. मात्र हे कडेच्या सांध्यापुरतं. फळीच्या टोकाला, जिथं नळ्यांची तोंडं उघडी असतात, तिथं गोंद आत शोषला जातो आणि धरत नाही.

लाकूड कुठून आणायचं? वाडा पाडल्यावर निघालेलं जुनं सागवान मिळालं तर सोडू नका. पन्नास-शंभर वर्षं वाळलेलं असतं. रंधा लावण्याआधी खिळे शोधून काढा, नाहीतर पातं जाईल. बाभूळ आपल्याकडे मुबलक, औतांना आणि गाडीला उत्तम, पण नवख्याच्या हाताला फार कठीण. कडुनिंब चांगला, किडीला पुरून उरतो. बांधावरचं झाड तोडायचा विचार असेल तर 1964 चा वृक्षतोडीचा कायदा लक्षात ठेवा. साग, आंबा, चिंच, जांभूळ ही झाडं त्याच्या यादीत आहेत. झाड स्वतःच्या मालकीचं असलं तरी परवानगी लागते. आणि सगळ्यात स्वस्त म्हणजे कारखान्यांतून बाहेर पडणारी पॅकिंगची पाइनची लाकडं. वाळूजच्या बाजूनं असे पॅलेट भंगारात येतात. विकत घेताना शिक्का बघा. ‘एचटी’ असेल तर ते लाकूड उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं आहे, खुशाल घ्या. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे, ते घरात आणू नका.

पाइनची फळी आणि खिळे एवढ्यावर अख्खं घर मांडता येतं हे इटलीच्या एंझो मारी या रचनाकारानं 1974 मध्ये दाखवलं. टेबलं, खुर्च्या, पलंग, सगळ्यांचे साधे आराखडे त्यानं काढले आणि टपालखर्च पाठवणाऱ्या कुणालाही दिले. लोकांनी सुतार व्हावं अशी त्याची अपेक्षा नव्हती. वस्तू हातानं एकदा केली की बाजारातल्या वस्तूकडे बघायची नजर बदलते, एवढंच त्याला हवं होतं. ते मला मोलाचं वाटतं. पाट केलेला माणूस दुकानात दिवाण घेताना आधी तो उलटा करून बघतो. चकचकीत सनमायकाखाली प्लाय आहे की नुसता दाबलेला भुसा, ते विचारतो. प्लायला माझा विरोध नाही. त्यात लाकडाचे पापुद्रे एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, म्हणून ते हलत नाही आणि कपाटाला बरं पडतं. पण त्यावर शिकलात तर लाकडाची ओळख होणार नाही.

काहींनी मघाशी चहाच्या वेळी दाराचं विचारलं. दार शेवटी करा. मोठं, उभं, एका बाजूनं लटकणारं, ऊनपाऊस खाणारं. सुताराची सगळी परीक्षा दारात होते. आपल्याच तालुक्यात शनिशिंगणापूरकरांनी हा प्रश्न मुळातच मिटवलाय. घराला चौकट, दार नाही. तिथं 2011 मध्ये बँकेची शाखा निघाली तीही बिनकुलपाची. बाकीच्यांना मात्र पावसाळ्यात अडकणाऱ्या दाराशी झगडावंच लागतं, आणि आता ते का अडकतं हे तुम्हाला कळलंय.

पाटानंतर तिवई करा. तीन पायांची, कारण शेणानं सारवलेल्या खडबडीत जमिनीवरही तीन पाय डुगडुगत नाहीत. चौथा पाय लावला की त्याची लांबी जुळवण्यात रविवार जातो. प्रत्येक पायाच्या वरच्या टोकाला गोल खुंट काढायचा, बैठकीला आरपार भोक, खुंटाच्या डोक्यात चीर पाडून वरून पाचर ठोकायची. पाचर बैठकीच्या रेषांना आडवी हवी. रेषांच्या दिशेनं ठोकलीत तर ती बैठक दुभंगून टाकेल. पाय थोडे बाहेर कललेले असावेत. किती, ते तुमच्या गावातल्या सुताराला विचारा. त्याचा वेळ घेतलात तर त्याची मजुरी द्या. सल्ला फुकट मिळतो ही समजूत बलुत्याच्या काळातली आहे.

राहिलं पॉलिश. पॉलिश पेपर मारताना नाकावर कापड बांधा, लाकडाची बारीक धूळ फुप्फुसाला वाईट असते. मग जवसाचं तेल पातळ लावा, अर्ध्या तासानं जादाचं पुसून घ्या, चारआठ दिवस वाळू द्या, पुन्हा लावा. पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता बाहेर टाकतं, बोळ्यात ती कोंडते, आणि काडी न लावता चिंध्या पेटतात. त्या अंगणात एकेक उलगडून दोरीवर वाळत घाला आणि मगच टाकून द्या.

आता तुमचे प्रश्न घेतो. पाट सोडून विचारलेत तरी चालेल.